कोलशेतचा कॅमेरा, तळेगावचा मोबाईल

गेल्या पावसाळ्यात एका रविवारी दुपारी आमच्या सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर मेसेज पडला : "बी विंगच्या मागच्या गेटमधून दोन कुत्री आत शिरलीत. वॉचमन खुर्चीत झोपलाय. कुणीतरी उठवा त्याला." मेसेज आमच्या जुन्या सेक्रेटरीकाकांचा. पाच मिनिटांत वॉचमनला उठवलं गेलं, कुत्री हाकलली गेली आणि ग्रुपवर हात जोडलेल्यांची रांग लागली. "काका, तुमच्यासारखी माणसं आता होणे नाही." "घर विकलं तरी जीव इथेच अडकलाय बघा."

घर विकलं होतं, हे खरंच. काकांनी फ्लॅट विकून तीन वर्षं झाली होती आणि तो मेसेज त्यांनी तळेगावच्या आपल्या बाल्कनीत बसून पाठवला होता.

मी ऐरोलीच्या एका डेटा सेंटरमध्ये नेटवर्कचं काम बघते. त्यामुळे सगळे कौतुक करत असताना मला भलताच प्रश्न पडला. ठाण्यातल्या कोलशेत रोडवरचं आमचं गेट काकांना अजून दिसतं, तर आणखी कुणाकुणाला दिसत असेल? तसं मी ग्रुपवर विचारलंही. उत्तर आलं, "मॅडम, ऑफिसचं काम घरी आणू नका." त्याखाली हसऱ्या तोंडांची दुसरी रांग.

सप्टेंबरात एजीएम झाली. स्टिल्ट पार्किंगवर पाऊण तास गेला, गणपतीच्या वर्गणीच्या हिशेबावर वीस मिनिटं. माझा विषय 'आयत्या वेळचे विषय' मध्ये होता. मी उभी राहून दोन मिनिटं बोलले असेन, तेवढ्यात ए विंगमधले एक ज्येष्ठ सभासद म्हणाले, "अहो, आपल्याकडे चोरण्यासारखं आहे काय? गेटचा व्हिडिओ नेऊन कोण काय लोणचं घालणार आहे?" सभा हसली, चहा आला, आभार मानले गेले.

त्या प्रश्नाचं उत्तर मला तिथे धड देता आलं नाही, म्हणून इथे देते. माझं म्हणणं असं की इमारतीतलं नेटवर्क ही लिफ्टसारखी, पाण्याच्या टाकीसारखी सामायिक गोष्ट आहे. तिची निगा राखणं कमिटीचं काम आहे आणि ते काम कुणाकडे आहे हे नावानिशी नोंदलेलं असलं पाहिजे. आज ते कुणाचंच नाही. आपण सायबर सुरक्षा म्हणजे ओटीपी कुणाला सांगू नका, अनोळखी लिंक दाबू नका, एवढंच समजतो. मध्यंतरी फोन लावला की इशारा ऐकवला जायचा आणि फसलाच तर १९३० वर फोन करा म्हणतात. हे सगळं बरोबर आहे, पण सारा भार एकेकट्या माणसाच्या सावधपणावर टाकलेला आहे. टाकीचं झाकण उघडं ठेवून प्रत्येक फ्लॅटला 'पाणी उकळून प्या' सांगावं, तसं.

आधी आमच्या नेटवर्कचा डबा बघू. एजीएमनंतरच्या शनिवारी सध्याच्या सेक्रेटरींची परवानगी काढून मी तो उघडला. उघडला म्हणजे काय, कुलूप केव्हाच हरवलेलं, दार टेलिफोनच्या वायरने बांधलेलं. मीटर रूमच्या शेजारी, जिन्याखाली, पोटात पावसाळ्याची ओल घेतलेला तो पत्र्याचा डबा. आत आठ पोर्टचा, म्हणजे नेटवर्कच्या आठ तारा जोडता येणारा, एक स्विच लुकलुकत होता. दोन मीडिया कन्व्हर्टर, केबलवाल्याचा स्प्लिटर, एक एक्स्टेंशन बोर्ड, त्याला लावलेला वॉचमनचा मोबाईल, तळाशी एक वाळलेली पाल. स्विचचे तीन पोर्ट रिकामे होते. जिन्याखाली चप्पल काढायला बसलेला कुणीही लॅपटॉपची वायर त्यात खुपसून सोसायटीच्या नेटवर्कमध्ये येऊ शकत होता. वॉचमन मागून म्हणाला, "मॅडम, जास्त हात नका लावू. मागच्या वेळी हात लावला तर दोन दिवस इंटरकॉम बंद होता."

डीव्हीआर, म्हणजे कॅमेऱ्यांचं चित्रीकरण साठवणारं यंत्र, त्याच्याच केबिनमध्ये, लोखंडी टेबलावर. वर स्केचपेनने लिहिलेला कागद चिकटवलेला : यूजर अ‍ॅडमिन, पासवर्ड अ‍ॅडमिन आणि पुढे एक ते पाच. कॅमेरे बसवणाऱ्याने २०१७ मध्ये लावलेला तो कागद, तेव्हापासून तसाच. डीव्हीआरचं घड्याळ चाळीस मिनिटं मागे होतं. आदल्या वर्षी सी विंगमधल्या मुलाची सायकल गेली, तेव्हा फुटेजमधली वेळ आणि वॉचमनच्या वहीतली वेळ जुळेना म्हणून आपण वॉचमनला दोष दिला होता, ते आठवलं. नेटवर्कवरून घड्याळ आपोआप जुळवून घ्यायची सोय त्या यंत्रात होती. फक्त कुणी टिकमार्क केलेला नव्हता.

मग मी लॉग, म्हणजे यंत्राने स्वतःच ठेवलेली नोंदवही, उघडला. त्यात शेवटच्या काहीशेच नोंदी राहतात, नवी आली की जुनी पुसली जाते. सगळ्यात जुनी नोंद आदल्या संध्याकाळची होती. म्हणजे एका रात्रीत वही भरली होती. नोंदी जवळपास एकसारख्याच : लॉगिन फसलं, लॉगिन फसलं, लॉगिन फसलं. नावं कुठली? अ‍ॅडमिन, रूट, सपोर्ट. आणि मध्येच ८८८८८८. हे सहा आठ म्हणजे काही बनावटीच्या डीव्हीआरमध्ये कारखान्यातूनच घालून दिलेलं वापरकर्त्याचं नाव. ज्या पत्त्यांवरून हे प्रयत्न चालले होते ते अर्धा डझन देशांतले. त्यांतला एकही माणूस कोलशेत कुठे आहे हे जाणत नसणार. बहुधा त्या टोकाला माणूसच नव्हता.

हे बाहेरचे लोक आतल्या डब्यापर्यंत पोचतात कसे, हे समजून घ्यायला आमचं गेटच पुरेसं आहे. सोसायटीला टपालाचा पत्ता एकच, आत फ्लॅट दीडशे. इंटरनेटवरही तसंच. आयपी पत्त्यांची जुनी पद्धत, आयपीव्ही४, हिच्यात सगळे मिळून सुमारे ४३० कोटीच पत्ते बसतात. ते पुरणार नाहीत हे लवकरच कळलं, म्हणून १९९४ मध्ये काही पत्ते खासगी वापरासाठी राखून ठेवले गेले. तुमच्या घरच्या राउटरवर १९२.१६८ ने सुरू होणारा जो आकडा दिसतो तो त्यातलाच. पुण्यात, पाटण्यात, पॅरिसमध्ये लाखो घरांत तोच पत्ता आहे आणि कुणाची अडचण होत नाही, कारण बाहेरच्या जगाला फक्त राउटरचा पत्ता दिसतो. आतून कुणी काही मागवलं की राउटर आपल्या वहीत नोंद करतो, अमुक यंत्राने अमुक ठिकाणी विचारलंय. उत्तर आलं की वही बघून त्या यंत्राकडे पोचवतो. याला नॅट म्हणतात. आपला वॉचमन अगदी हेच करतो : चारशे दोनमधून जेवण मागवलंय अशी नोंद असेल तर डिलिव्हरीवाला आत, नाहीतर गेटवरच थांब.

आता सेक्रेटरींना ऑफिसात बसून कॅमेरे बघायचे आहेत. मग कॅमेरेवाला काय करतो? राउटरमध्ये कायमची सूचना लिहितो की बाहेरून कुणीही येऊन ८००० नंबरचं दार विचारलं, तर नाव-गाव न विचारता थेट डीव्हीआरकडे सोड. या आकडी दारांनाही पोर्टच म्हणतात; पोर्ट फॉरवर्डिंग ते हेच. प्रत्येक पत्त्याला अशी पासष्ट हजारांवर दारं असतात, म्हणून आपल्याला वाटतं की त्यातलं एक उघडं राहिलं तर कुणाला सापडणार! २०१३ मध्ये मिशिगन विद्यापीठातल्या संशोधकांनी झेडमॅप नावाचं साधन प्रसिद्ध केलं. साध्या एका संगणकावरून, जोडणी वेगवान असेल तर, ते अख्ख्या आयपीव्ही४ जगातलं एक ठरावीक दार पंचेचाळीस मिनिटांच्या आत ठोठावून येतं. धीम्या लोकलने ठाण्याहून सीएसएमटीला पोचायला याहून जास्त वेळ लागतो. आमचं दार 'सापडलं' नव्हतं. ते सगळ्यांच्या दारांबरोबर रोज ठोठावलं जात होतं, इतकंच.

(काही ठिकाणी केबलवाला आपल्या शेकडो ग्राहकांना एकाच पत्त्यामागे ठेवतो, तिथे असं पोर्ट उघडता येत नाही. मग कॅमेरा स्वतःच बाहेर जाऊन कंपनीच्या सर्व्हरला हाक मारतो आणि तुमचं अ‍ॅप तिथून चित्र आणतं. तेव्हा प्रश्न पोर्टचा उरत नाही, तो सर्व्हर कुणाचा आणि कुठल्या देशात, याचा होतो. आणि नवी आयपीव्ही६ पद्धत मोबाईल-ब्रॉडबँड कंपन्यांनी आता सर्रास सुरू केली आहे. तिच्यात पत्त्यांचा तुटवडाच नाही, त्यामुळे नॅटचा आयता आडोसाही नाही. नको ते अडवणारी फायरवॉल मुद्दाम, समजून लावावी लागते. नॅट हा तुटवड्यावरचा उपाय होता, आपण त्याला सुरक्षा समजून बसलो.)

तर, चोरण्यासारखं काय आहे? पहिलं उत्तर : खुद्द तो डीव्हीआर. २०१६ साली अमेरिकेतल्या तीन तरुणांनी मिराय नावाचा प्रोग्रॅम लिहिला. माइनक्राफ्ट या खेळाचे सर्व्हर चालवणाऱ्यांच्या धंद्यातली चढाओढ त्याच्या मुळाशी होती. प्रोग्रॅम करायचा एवढंच की इंटरनेटवर कॅमेरे, डीव्हीआर, राउटर हुडकायचे आणि कारखान्यातून येणाऱ्या नाव-पासवर्डच्या साठेक जोड्या एकामागून एक लावून बघायच्या. साठ जोड्यांत जगभरात सहा लाखांच्या आसपास यंत्रं ताब्यात आली. पुढे त्यांनी तो प्रोग्रॅमच सगळ्यांसाठी खुला करून टाकला आणि २१ ऑक्टोबर २०१६ रोजी अशाच यंत्रांच्या फौजेने डाइन (Dyn) या कंपनीवर एकाच वेळी विनंत्यांचा मारा केला. नावावरून पत्ता शोधून देणं, म्हणजे डीएनएस, हे त्या कंपनीचं काम. ती कोलमडल्यावर ट्विटर, नेटफ्लिक्ससारख्या साइट अमेरिकेत कित्येकांना काही तास उघडेनात. त्या फौजेत कुठल्या कुठल्या दुकानांचे, सोसायट्यांचे, घरांचे डबे होते, आणि मालकांना पत्ताही नव्हता. कॅमेरा नेहमीसारखा चालू राहतो, चित्र दिसत राहतं. मिराय यंत्राच्या तात्पुरत्या मेमरीतच राहतो, यंत्र बंद करून चालू केलं की जातो. पण पासवर्ड तोच असेल तर थोड्याच वेळात परत येतो.

म्हणून 'आमचं काय जायचंय ते जाऊ दे' हा युक्तिवाद मला सर्वांत जास्त खटकतो. आपल्या टाकीत डास झाले तर डेंग्यू शेजारच्या इमारतीतही जातो. महापालिकेचा माणूस येऊन कुंड्यांखालच्या बशा बघतो तेव्हा आपण म्हणत नाही की आमच्या घरात कुणी आजारी नाही, तुम्ही कशाला आलात.

दुसरं उत्तर घराच्या जास्त जवळचं. २०२५ च्या फेब्रुवारीत राजकोटच्या एका प्रसूती रुग्णालयातलं, बायकांच्या तपासणीच्या वेळचं सीसीटीव्ही चित्रीकरण टेलिग्रामवर विकलं जात असल्याचं उघड झालं. पकडलेल्यांत आपल्याकडचे, लातूर आणि सांगलीचे तरुणही होते. तिथलाही पासवर्ड 'अ‍ॅडमिन' आणि पुढे एक-दोन-तीन याच वळणाचा निघाला. आमच्या सोसायटीत रुग्णालय नाही. पण लिफ्टमध्ये कॅमेरा आहे, स्विमिंग पूलच्या बाजूला आहे आणि मुलांची स्कूलबस थांबते तिथेही आहे. कुठली मुलगी किती वाजता एकटी खाली उतरते, कुठल्या फ्लॅटची मंडळी दिवाळीत आठ दिवस गावी गेली आहेत, हे त्यात रोज उमटतं.

आणि तिसरं उत्तर बोलताना तर मला त्या ज्येष्ठ सभासदांचा हात धरून सोसायटी ऑफिसात न्यावंसं वाटतं. तिथल्या संगणकावर 'टेनंट' नावाचं फोल्डर आहे. पोलीस व्हेरिफिकेशनसाठी घेतलेल्या भाडेकरूंच्या आधार आणि पॅनच्या स्कॅन केलेल्या प्रती, भाडेकरार, सह्या. सभासदांची शेअर सर्टिफिकेट. मेंटेनन्सच्या खात्याचं नेटबँकिंग त्याच संगणकावरून चालतं. आणि तो संगणक, डीव्हीआर, गेटवरचा व्हिजिटर अ‍ॅपचा टॅब, इंटरकॉम आणि क्लबहाउसचं वायफाय, ज्याचा पासवर्ड वाढदिवसाला आलेल्या प्रत्येक पाहुण्याला सांगितला जातो, हे सगळं एकाच नेटवर्कवर आहे. मध्ये भिंत नाही, दार नाही. आमच्या भाषेत सपाट नेटवर्क. तीन खोल्यांचं घर आणि एकही आतलं दार नाही, असं.

सपाटपणाची किंमत आपल्या खाडीपलीकडेच एकदा मोजली गेली आहे. २७ जून २०१७ रोजी नॉटपेट्या नावाचा विषाणू युक्रेनमधल्या एका हिशेबाच्या सॉफ्टवेअरच्या अपडेटमधून सुटला आणि काही तासांत मर्स्क या जहाज कंपनीच्या जगभरच्या संगणकांत शिरला. न्हावा शेव्याला जेएनपीटी बंदरातलं एक टर्मिनल याच समूहाकडे होतं. त्याचं कामकाज ठप्प झालं. ज्या भोकातून विषाणू पसरला त्यातल्या एकावरचा उपाय मायक्रोसॉफ्टने मार्चमध्येच दिलेला होता. पण एकदा आत आल्यावर तो एका यंत्राचे पासवर्ड उचलून दुसऱ्यात जात होता आणि अडवायला मध्ये फार काही नव्हतं. कंपनीला पुढच्या दहा दिवसांत चार हजार सर्व्हर आणि पंचेचाळीस हजार पीसी नव्याने उभे करावे लागले. कंपनीभरची खाती आणि परवानग्या सांभाळणारे मुख्य सर्व्हरही गेले होते. एकच वाचला, घानातल्या ऑफिसातला, कारण हल्ल्याच्या वेळी तिथे वीज गेलेली होती. हा किस्सा मी नव्या मुलांना पहिल्याच आठवड्यात सांगते. हसतात सगळे. मग मी विचारते, तुमच्या घरचा टीव्ही आणि तुमचा ऑफिसचा लॅपटॉप एकाच वायफायवर आहेत ना?

हा विरोधाभास मला रोज अनुभवायला मिळतो. ऐरोलीत एका रॅकला हात लावायचा तर कार्ड, बोट, एकाच वेळी कधीच न उघडणारी दोन दारं, सोबत एक माणूस, रजिस्टरमध्ये सही. सर्ट-इन या सायबर सुरक्षेच्या सरकारी संस्थेचा २०२२ च्या एप्रिलमध्ये निघालेला नियम आहे की गंभीर घटना कळल्यापासून सहा तासांत कळवायची आणि लॉग १८० दिवस जपून ठेवायचे. संध्याकाळी लोकल पकडायची, दिघा गाव, मग ठाणे, तिथून बस. अर्ध्या-पाऊण तासात मी अशा इमारतीत येते जिथे लॉग एका रात्रीत पुसला जातो आणि पासवर्ड कागदावर चिकटवलेला असतो. आणि त्या ऐरोलीतल्या किल्ल्यात ज्यांची माहिती ठेवली आहे ती माणसं राहतात इथे.

१२ ऑक्टोबर २०२० ला कळवा-पडघा वाहिन्यांतल्या बिघाडानंतर मुंबई, ठाणे, नवी मुंबई अंधारात गेली, लोकल जिथल्या तिथे थांबल्या. पुढे महिनोन्‌महिने वाद झाला की हा चिनी सायबर हल्ला होता की माणसाची चूक. राज्य सरकार घातपाताच्या शक्यतेबद्दल बोललं, केंद्राने मानवी चूक म्हटलं. आमच्या कट्ट्यावर त्या वाद घालणाऱ्यांत डीव्हीआरवर कागद चिकटवू देणारेही होते. चीनबद्दल मत असणं सोपं आहे, जिन्याखालच्या डब्याबद्दल असणं कष्टाचं.

करायचं काय, हे खरं तर फार मोठं नाही. बाहेरून उघडलेले पोर्ट बंद करायचे. दूरवरून बघायचंच असेल तर व्हीपीएनमधून, म्हणजे आधी ओळख पटवून आत या आणि मग डीव्हीआर बघा. साधा स्विच काढून व्हीलॅन करता येणारा स्विच लावायचा, काही हजारांत येतो. एकाच तारेवर वेगवेगळी नेटवर्कं पाडता येतात : कॅमेरे एकीकडे, ऑफिस दुसरीकडे, पाहुणे तिसरीकडे, आणि एकाकडून दुसऱ्याकडे जायचं तर नियमातून. फर्मवेअर, म्हणजे यंत्राच्या आतलं सॉफ्टवेअर, अपडेट करायचं, आणि ज्या यंत्राला अपडेट यायचेच बंद झाले असतील ते बदलायचं. राउटरवरचं डब्ल्यूपीएस बंद. ती आठ आकडी पिन टाकून वायफायला जोडून घ्यायची सोय. आठ आकडे म्हणजे दहा कोटी शक्यता असं वाटतं, पण राउटर पिनचे दोन तुकडे वेगवेगळे तपासतो आणि शेवटचा आकडा नुसता पडताळ्याचा असतो. त्यामुळे जास्तीत जास्त अकरा हजार प्रयत्नांत पिन सापडतो. हे २०११ मध्येच उघड झालं होतं आणि अजून कित्येक घरांत ती सोय चालू आहे.

यातलं एकही काम अवघड नाही. अवघड आहे ते खातं. आमच्या डीव्हीआरमध्ये वापरकर्ता एकच, अ‍ॅडमिन. काका तोच, सध्याचे सेक्रेटरी तोच, खजिनदार तोच, वॉचमन तोच, कॅमेरेवाल्याचा पोरगा तोच. त्यामुळे 'सध्या किती जणांच्या मोबाईलवर आपले कॅमेरे दिसतात' या माझ्या साध्या प्रश्नाला उत्तरच नाही. शोधून काढायचं म्हटलं तरी नाही. प्रत्येकाला स्वतःचं खातं असावं, ज्याला जेवढं बघायची गरज तेवढंच त्याला दिसावं, पद सुटलं की खातं बंद व्हावं. कपाटाच्या किल्ल्या नव्या कमिटीला देताना आपण सही घेतोच. चेकवरच्या सह्या बदलायला बँकेत ठराव देतो. त्याच ठरावात दोन ओळी वाढवायला काय हरकत आहे?

इथे एक आक्षेप मला रास्त वाटतो आणि तो टाळून पुढे जाणं बरं नाही. नेटवर्क कमिटीच्या हातात नीट बांधून दिलं तर कमिटीच्या हातात नजरही जाते. कुठल्या भाडेकरूकडे कोण किती वाजता येतं, कुठल्या मुलीला सोडायला कुठली बाईक आली, यावर लिफ्टमध्ये टोमणे मारणारे कमिटीवाले ठाण्यात कमी नाहीत. मी स्वतः एका बॅचलर मुलीची बाजू घेऊन त्यावर भांडले आहे. पण ही नजर आजही आहेच, तिची नोंद तेवढी नाही. वेगळी खाती असली तर कुणी कुठलं चित्रीकरण कधी काढून बघितलं याची नोंद उरते आणि ती बघायचा हक्क सभासदांना देता येतो. सभासदांच्या घरातलं वायफाय, त्यांचं ब्राउझिंग, याला मात्र कमिटीने शिवायचंही नाही. सामायिक म्हणजे जिन्यातलं, गेटवरचं, ऑफिसातलं. उंबरठ्याच्या आतलं नाही. ही रेघ उपविधींतच ओढलेली असावी असं माझं मत आहे.

आणि सरकारने? कायदे येताहेत, हळूहळू. ब्रिटनमध्ये २९ एप्रिल २०२४ पासून सगळ्या यंत्रांना एकच ठरीव पासवर्ड घालून ती विकायला बंदी आहे. आपल्याकडेही केंद्राने त्याच महिन्यात सीसीटीव्ही कॅमेऱ्यांसाठी सुरक्षेच्या चाचण्या सक्तीच्या केल्या आणि एप्रिल २०२५ पासून त्या लागू झाल्या. चांगलंच आहे. पण हे झालं दुकानातल्या नव्या मालाचं. २०१७ साली भिंतीवर चढलेला कॅमेरा त्या नियमाने खाली उतरत नाही. तो उतरवायचा तर सोसायटीनेच उतरवायचा.

मग सोसायट्यांना दरवर्षी सायबर ऑडिटचा दाखला सक्तीचा करा, असं सुचवणारे आहेत. माझे काही सहकारीच आहेत त्यांत, आणि त्यांचा धंदा वाढेल हेही खरं. मला मात्र आणखी एक दाखला नको. आगीच्या यंत्रणेसाठी जानेवारीत आणि जुलैत फॉर्म बी द्यावा लागतो. कायदा उत्तम आहे, पण किती इमारतींत पंप चालू करून बघतात आणि किती ठिकाणी फक्त कागद येतो, हे कमिटीत काम केलेल्या कुणालाही विचारा. कागद घेतला की जबाबदारी कागदावाल्याची, असं आपलं मन मानतं. त्यापेक्षा आदर्श उपविधींमध्ये नेटवर्क आणि त्यावरची माहिती ही सामायिक सेवा म्हणून लिहा, तिचा जबाबदार पदाधिकारी कोण हे एजीएमच्या इतिवृत्तात यायला लावा, आणि कॅमेरेवाल्या-केबलवाल्याच्या करारात दोन कलमं घाला : सगळे पासवर्ड सोसायटीच्या ताब्यात, आणि यंत्राला अपडेट कुठल्या वर्षापर्यंत मिळणार ते लेखी. यातलं शेवटचं विचारल्यावर आमचा कॅमेरेवाला माझ्याकडे असं बघत राहिला, जसं मी त्याला पंख्याची कुंडली मागितली.

हे सगळं करायला तज्ज्ञ कुठून आणायचे, असंही विचारतात. ठाणे-नवी मुंबई पट्ट्यात हा प्रश्न विचारावा याचं नवल वाटतं. ऐरोली, रबाळे, महापे इथे सर्व्हर सांभाळणारी हजारो माणसं संध्याकाळी घोडबंदरला, कळव्याला, कोपरखैरण्याला आपापल्या इमारतींत परततात. प्रत्येक सोसायटीत एखादी तरी असेल. तिला फक्त एजीएममध्ये दोनाऐवजी दहा मिनिटं द्यायची.

आमच्या सध्याच्या सेक्रेटरींनी ती मला दिली, एजीएमनंतर, त्यांच्या घरी. फार वाद न घालता ऐकून घेतलं, शेवटी म्हणाले, "करून टाका, पण इंटरकॉम बंद पडता कामा नये." दिवाळीच्या आधीच्या शनिवारी मी आणि डी विंगमधला इंजिनीअरिंगच्या शेवटच्या वर्षाचा एक मुलगा डब्याशी बसलो. पोर्ट बंद केला, स्विच बदलला, पाच जणांची पाच खाती केली. वॉचमनला फक्त थेट चित्र, जुनं रेकॉर्डिंग नाही. घड्याळ जुळवलं. स्केचपेनचा कागद निघता निघेना, तो नखाने खरवडला. डब्याला नवं कुलूप लावून किल्ली ऑफिसात टांगली. इंटरकॉम वीस मिनिटं बंद राहिला, त्याबद्दल चार तक्रारी आल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी साडेसातला फोन. तळेगावहून काका.

"अगं, गेट दिसत नाहीये मला. तिकडे नेट गेलंय का?"

"नाही काका. नेट आहे."

पलीकडे थोडा वेळ काहीच आवाज आला नाही. मग कपबशीचा आला. "बरं," काका म्हणाले, "मागच्या गेटची कडी बघून घे तेवढी. पावसात फुगते."